चाळिसाव्या मिनिटाचा आकडा

"एकशे बेचाळीस वस्तूंपुढे शेरा आहे आणि सत्त्याऐंशी नंबरपुढे जागा कोरी," विभागप्रमुख यादीवर पेनाची टोपी आपटत म्हणाले. "काका, एका नळीपुढे 'चालू' की 'बंद' लिहायला तुम्हाला चार दिवस लागले?"

"चालवून बघत होतो, सर."

"चालवून? नऊ वर्षं माळ्यावर पडलंय ते. नादुरुस्त लिहा आणि भंगारात टाका. तुमच्या जागी येणारा माणूस दुवा देईल तुम्हाला."

"नादुरुस्त नाही ते. चालतंय."

"मग चालू लिहा! अकरा दिवस राहिले तुमचे. त्यात आता नळीचं लग्न लावताय का?"

काकांनी बगलेतली वही टेबलावर ठेवली. "चालू लिहितो, सर. पण मग हेही कुठेतरी लिहावं लागेल."

सरांनी वहीकडे पाहिलं. निळ्या पुठ्ठ्याची, संस्थेच्या शिक्क्याची साधी वही. त्यांनी ती उघडली नाही. पेनाला टोपी लावली, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि म्हणाले, "दार लावून घ्या."

काका उष्णतेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एकतीस वर्षं एकाच खोलीत काम केलं. खोलीला दोन खिडक्या, एक फळा, भिंतीलगत सिमेंटचे ओटे आणि ओट्यांवर नळ्या, पंप, हीटर. संस्थेत तारांचे आणि आकडे दाखवणारे मीटर आले तेव्हाही त्यांनी खिशात पाऱ्याचा थर्मामीटर ठेवला आणि दर सोमवारी त्याच्याशी प्रत्येक मीटर ताडून पाहिला. त्यावरून मुलं त्यांना 'पाराकाका' म्हणू लागली. पुढे पारा गळाला आणि नुसते काका राहिले.

त्यांच्या कामातला मुख्य भाग वाट पाहण्याचा होता. हीटर सुरू केला की तापमान चढतं, मग चढ मंदावतो आणि शेवटी ते एका आकड्यावर येऊन थांबतं. पुस्तकात त्याला स्थिरावस्था म्हणतात. काका 'बसलं' म्हणायचे. दर पाच मिनिटांनी आकडा घ्यायचा, लागोपाठ तीनदा सारखा आला की बसलं, मग वहीत लिहायचा. त्याआधी पेनाला हात लावायचा नाही. संस्थेतल्या कितीतरी पिढ्या हा नियम काकांकडून शिकल्या. मुलं त्यांची नक्कलही करत. "काका, मी परत परीक्षेला बसलो," एकजण मुद्दाम म्हणायचा, आणि काका मान वर न करता सांगायचे, "तीनदा बसलास की सांग. वहीत लिहून ठेवतो."

नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याआधी तिथे एक मुलगी पीएचडीसाठी आली. आताचे विभागप्रमुख तेव्हा तिचे मार्गदर्शक होते. काकांनी पहिल्या दिवशी तिला मॅडम म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम म्हणालात तर मी तुम्हाला सर म्हणेन." मग ती ताई झाली.

ताईंचा विषय ऐकून काकांना आधी हसू आलं होतं. तेलात लोखंड मिसळायचं. मात्र ते इतकं बारीक की डोळ्याला दिसू नये आणि कितीही दिवस ठेवलं तरी तळाशी जाऊ नये. असं तेल चुंबकाला ओळखतं. बशीत ओतून खालून चुंबक धरला की त्याच्या अंगावर काटे उभे राहतात, चुंबक काढला की पुन्हा सपाट. हे तेल गरम नळीतून फिरवलं आणि बाहेरून चुंबक लावले तर ते नळीच्या आत घुसळलं जाईल, नळीची उष्णता जास्त ओढून नेईल. म्हणजे त्याच पंपात, तेवढ्याच विजेत, यंत्र जास्त थंड राहील. ताईंचं म्हणणं एवढंच होतं. ते खरं की खोटं, हे एका हातभर तांब्याच्या नळीवर ठरणार होतं.

ते तेल काकांनी बनवलं. लोखंडाचे दोन क्षार मोजून पाण्यात, त्यात थेंबथेंब अमोनिया, मग कणांना साबणासारखा लेप देणारं एक तेलकट आम्ल, मग धुणं, पुन्हा धुणं. पहिले तीन घाणे बिघडले. अमोनियाने दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ताई म्हणत होत्या, "काका, लोक बघतील तर म्हणतील दोघांच्या घरी काहीतरी झालंय." चौथा घाणा जमला. काळाभोर, चकचकीत. प्रयोगशाळेत त्याचं नाव शाई पडलं. शर्टाला लागली की निघायची नाही. काकांच्या बायकोने तीन शर्टांची फडकी केली आणि विचारलं, "तुम्ही संस्थेत जाता की छापखान्यात?"

"ही तळाशी बसता कामा नये," ताई बाटली उजेडात धरून म्हणायच्या. "तुमचं ते 'बसलं' मला शाईच्या बाबतीत ऐकायचं नाही हं."

प्रयोग सुरू झाला तो नेमका उन्हाळ्यात. नळीवर चिकटवलेल्या तापमान मोजणाऱ्या तारा उघड्या होत्या आणि वारा लागला की आकडा नाचायचा. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फळ्याच्या आडोशाला, पंपाजवळ बसून प्रवाह सांभाळायच्या. काका नळीपाशी स्टुलावर. ताई तिकडून प्रवाहाचा आकडा सांगायच्या, काका तो लिहायचे. मग वाट पाहणं. काकांच्या पाठीवरून घाम पाटलोणीच्या पट्ट्यात जमायचा. घड्याळ भिंतीवर होतं. शेवटी ताईंचा आवाज यायचा, "बसलं?" आणि काका म्हणायचे, "बसलं." मग आकडा लिहायचा आणि उठून पहिलं काम पंखा लावायचं.

चुंबकाशिवाय नळी एकसष्ट पूर्णांक चारवर बसायची. चुंबक लावले की चाळिसाव्या मिनिटाला छप्पन्न पूर्णांक सहा. पस्तीसला तेच, पंचेचाळीसला तेच. तीनदा सारखं. ताईंनी पहिल्या दिवशी हिशेब केला आणि कागद काकांपुढे धरला. "एकवीस टक्के, काका! एकवीस!" त्या दिवशी दोघांनी चहा घेतला, तोही काकांनी आग्रह केला म्हणून. ताईंना लगेच दुसरं वाचन घ्यायचं होतं.

तो उन्हाळा अडीच महिने चालला.

त्यात दोन दिवस असे होते, ज्यांच्याबद्दल काकांनी पुढे नऊ वर्षं कोणाला सांगितलं नाही.

एकदा ताई ग्रंथालयात गेल्या होत्या आणि काकांना कार्यालयातून बोलावणं आलं. ते यंत्र चालू ठेवूनच गेले. दीड तासाने परत येऊन पाहतात तर मीटर साठावर. काकांना वाटलं, विजेचा दाब वाढला असेल. त्यांनी यंत्र बंद केलं. वहीत काही लिहिलं नाही, कारण नियमाने घेतलेलं ते वाचनच नव्हतं.

दुसरा दिवस त्यानंतर आठवड्याने आला. चाळिसाव्या मिनिटाला छप्पन्न सहा, पंचेचाळीसला छप्पन्न सहा. पंपाची खटपट चालू होती म्हणून ताईंना विचारायला उशीर झाला. पन्नासाव्या मिनिटाला काकांच्या डोळ्यांदेखत आकडा छप्पन्न नऊ झाला. पंचावन्नाव्याला सत्तावन्न पाच. विजेचा दाब दाखवणारा काटा जागचा हलला नव्हता. काकांनी तो दोनदा पाहिला. एकतीस वर्षांच्या नोकरीतलं ते बाविसावं वर्ष होतं. असा चढणारा आकडा म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. याचा अर्थ बसलेलं नव्हतं. याचा अर्थ उद्यापासून तास, दोन तास, कदाचित तीन तास त्या खोलीत पंख्याशिवाय बसायचं होतं.

"बसलं?" फळ्यामागून आवाज आला.

"बसलं," काका म्हणाले, वहीत छप्पन्न सहाच लिहिलं आणि उठून पंखा लावला.

त्या वर्षाच्या शेवटी ताईंचे आकडे एका कारखान्याला आवडले. यंत्रं थंड ठेवणारे संच बनवणारा कारखाना होता. त्यांनी शाई मागवली, चुंबक बसवले आणि यंत्र आठ तास चालवलं. दुसऱ्या तासापासून यंत्र नेहमीपेक्षा जास्त तापलं. तिसऱ्या दिवशी नळी जवळजवळ तुंबली. त्यांचं पत्र आलं. भाषा सभ्य होती, पण मजकूर असा की आकडे बनवलेले दिसतात.

चौकशीला तीन माणसं बसली. त्यांनी ताईंना प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. बाटलीत उरलेली शाई तोवर आठ महिन्यांची झाली होती आणि तिच्यात गुठळ्या धरल्या होत्या. चुंबक लावा की काढा, मीटर हलेना. नवीन शाई बनवायला ताईंनी तीन आठवडे मागितले. मार्गदर्शक सर म्हणाले की निर्णय समितीने घ्यावा, आपण रोज प्रयोगशाळेत नव्हतो. समितीने वही मागवली. अक्षर काकांचं होतं.

"तापमान स्थिर झालं हे कोण ठरवायचं?" त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

काकांची मुलगी त्या वर्षी शिकत होती. पण त्यांना त्या क्षणी तिची आठवण झाली, असं म्हणता येणार नाही. त्यांना फक्त इतकंच जाणवलं की खोलीतली सगळी माणसं आपल्याकडे बघतायत.

"ताई सांगायच्या, मी लिहायचो," ते म्हणाले.

वाक्य खोटं नव्हतं. प्रवाहाचा आकडा ताईच सांगायच्या आणि काकाच लिहायचे. पण प्रश्न प्रवाहाचा नव्हता.

ताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कपाळाला किंचित आठी होती, एखादं नाव आठवत नसावं तशी. त्यांनी ते खोडून काढलं नाही. महिन्याभरात प्रबंध परत घेतला गेला आणि त्या गेल्या. जाताना प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी काकांच्या हातात दिली. "येते," एवढंच म्हणाल्या.

आता काका निवृत्त होत होते. जागेचा ताबा देताना एकशे त्रेचाळीस वस्तूंची यादी भरायची होती. प्रत्येकीपुढे 'चालू' किंवा 'बंद'. दुसरा कोणी असता तर एका दुपारीत यादी उरकली असती. काकांनी प्रत्येक वस्तू चालवून पाहिली. सत्त्याऐंशी नंबर माळ्यावरून काढला, पुसला, पाणी भरून चालवला. चालला. तिथेच 'चालू' लिहून पुढे जाता आलं असतं. पण काकांनी कपाटातून अमोनियाची बाटली काढली.

शाई दोन दिवसांत झाली. हात विसरले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चुंबक लावले आणि स्टुलावर बसले. हिवाळा होता, पंख्याची आठवणही झाली नाही. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस मिनिटं झाली. छप्पन्न सहा, तीनदा सारखं. काकांनी लिहिलं आणि बसून राहिले. पंचावन्नाव्या मिनिटाला सत्तावन्न चार. दीड तासाने साठ. दोन तास वीस मिनिटांनी त्रेसष्ट एक, आणि तिथे तो आकडा हलला नाही, तीनदा, चारदा, सातदा. चुंबकाशिवाय होता त्याहूनही दीड-पावणेदोन अंश वर. चुंबकांनी लोखंडाचे कण हळूहळू आपल्याकडे ओढले होते आणि नळीच्या आतल्या अंगाला त्यांचा थर धरला होता. आधी घुसळण, मग गाळ. बसायला दोन तास वीस मिनिटं लागत होती.

नळी धुण्यासाठी म्हणून काकांनी चुंबक काढले आणि पंप चालू ठेवला. दहा मिनिटांनी आकडा उतरताना दिसला. सवयीने तोही लिहिला. चुंबक परत लावून पाहिले, काय होतं ते. त्याच्याही तीन ओळी लिहिल्या. मग यंत्र बंद केलं.

ती वही आता सरांच्या टेबलावर होती, दार लावलेलं होतं आणि काकांनी सगळं सांगून टाकलं होतं.

"काका," सर सावकाश म्हणाले, "मी समजलो. पण ती फाईल बंद आहे. ती मुलगी आता या क्षेत्रातही नाही. तुम्ही हे लिहून दिलंत तर काय होईल? समिती चुकली होती असं होईल. मी चुकलो होतो असं होईल. आणि तुम्ही शेवटच्या आठवड्यात खोटी साक्ष दिल्याचं कबूल केलं असं होईल. यातून तिला काय मिळणार?"

"ते मला माहीत नाही, सर."

"मग?"

"मला फक्त आकडा माहीत आहे."

सरांनी वही उचलून त्यांच्या हातात दिली. अगदी हलक्या हाताने, आजारी माणसाला पाणी द्यावं तशी. "घरी जा. विचार करा. यादी मी तशीच पुढे पाठवतो."

संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, पंख्यासकट. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिने एकाच टॉवेलची घडी तीनदा मोडली.

"नऊ वर्षं पोटात ठेवलंत," ती म्हणाली. "माझ्या शेजारी झोपत होतात आणि मला वाटायचं, यांना अपचन आहे. मी मेली ओव्याची पूड करून देत होते."

"सांगायचं धाडस नव्हतं."

"आणि आता आलं? नोकरी संपली म्हणून?"

काकांनी गठ्ठ्यातली एक चादर ओढून घडी घालायला घेतली.

"मी टोचून बोलत नाही. खरंच विचारते. तिला बरं वाटावं म्हणून चाललात की स्वतःला?"

"ठरवता येत नाहीये."

"मग आधी कागद द्या," बायको टॉवेल कपाटात ठेवत म्हणाली. "कार्यालयात नोंद करून द्या. नोकरीत आहात तोवर तुमच्या सहीला वजन आहे. तिच्याकडे नुसते हात हलवत जाऊ नका. माफी मागायला माणूस रिकाम्या हातानं जातो आणि समोरच्याच्या डोक्यावर ओझं ठेवून येतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी एका पानावर निवेदन लिहिलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार वेळा त्यात 'अनवधानाने' हा शब्द येत होता. पाचव्या वेळी तो गेला. 'तापमान स्थिर झालेले नाही हे मला दिसले होते. तरी मी ते स्थिर झाल्याचे सांगितले. हा निर्णय माझा होता, संशोधक विद्यार्थिनीचा नव्हता. चौकशीत मी दिलेले उत्तर दिशाभूल करणारे होते.' आवक खिडकीवरच्या कारकुनाने मजकूर न वाचता शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि म्हणाला, "निवृत्तीचा का? शुभेच्छा."

ताईंचा पत्ता शोधायला सहा दिवस लागले. औषधं साठवणाऱ्या एका शीतगृहात त्या पाळीप्रमुख होत्या. दारावरच्या पहारेकऱ्याने काकांचं ओळखपत्र ठेवून घेतलं आणि त्यांना आत सोडलं. लांबलचक, स्वच्छ मार्गिका, दोन्ही बाजूंना जाड दारं, प्रत्येक दाराबाहेर तापमानाचा मीटर आणि खाली अडकवलेला तक्ता. शेवटी काचेची छोटी खोली. आत स्वेटर घातलेली एक बाई फोनवर कोणाला तरी झापत होती. "दोन ते आठ म्हणजे दोन ते आठ. साडेआठ म्हणजे 'जवळपास आठ' नाही. गाडी परत न्या."

तिने फोन ठेवला आणि वर पाहिलं.

"काका?"

"हो."

"अहो, बसा ना. केवढे वाळलात! निवृत्त झालात?"

"चार दिवस आहेत अजून."

खुर्ची एकच होती. ती त्यांनी काकांना दिली आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकल्या. केस कानापाशी पांढरे झाले होते. आवाज तसाच होता, फळ्यामागून यायचा तसा.

काकांनी शिक्क्याचा कागद पुढे केला आणि त्याच्यावर निळी वही ठेवली. ताईंनी आधी कागद वाचला. मग वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं.

"कशासाठी, काका?" त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. "दिसत होतं तरी बसलं म्हणालात ते. कोणी सांगितलं होतं का? सरांनी?"

"नाही. कोणी नाही. पंखा लावायचा होता."

"पंखा."

"हो."

"पंख्यासाठी?"

"पंख्यासाठी."

ताई हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. त्यांनी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, पुन्हा खाली ओढल्या.

"त्या दिवशी समितीपुढे तुम्ही म्हणालात ना, 'ताई सांगायच्या'," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काका खोटं बोलणारच नाहीत. मग मीच म्हणत असेन. मला यश हवं होतं म्हणून मीच तिकडून 'बसलं, बसलं' म्हणत असेन आणि मला आठवत नसेल. घरी जाऊन मी डोळे मिटून प्रत्येक दिवस आठवला. थोड्या दिवसांनी खरंच तसंच आठवायला लागलं. माझाच आवाज ऐकू यायचा, 'बसलं' म्हणताना. तेव्हापासून मी कुठलाही आकडा एकटीने घेत नाही. इथे दर तासाला प्रत्येक दाराबाहेरचा मीटर मी वाचते आणि दुसऱ्या कोणालातरी वाचायला लावते. लोकांना वाटतं, मॅडम फार काटेकोर. मॅडमचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही, हे कोणाला ठाऊक नाही."

"चूक माझी होती," काका म्हणाले. "तुमचे डोळे ठीक होते."

"हे तुम्ही मला नऊ वर्षांनी सांगताय."

"हो."

ताईंनी वही पुन्हा पुढे ओढली. या वेळी त्या वाचत नव्हत्या, बोट आकड्यांवरून खाली नेत होत्या. छप्पन्न सहा. सत्तावन्न चार. साठ. त्रेसष्ट एक. बोट पानाच्या तळाशी येऊन थांबलं.

"हे काय आहे?"

"ते काही नाही. नळी धुताना सहज घेतलेलं."

"चुंबक काढलेत?"

"हो. दहा मिनिटं."

"पंप चालू ठेवून?"

"हो."

"आणि परत लावलेत, तर हे? छप्पन्न आठ?"

"छप्पन्न आठ. परत चाळीस मिनिटांनी."

ताई टेबलावरून उतरल्या. "काका, तुम्ही हे तीनदा घेतलंत?"

"एकदाच. मला त्याचा उपयोग वाटला नाही."

"उपयोग!" त्या म्हणाल्या, आणि आवाज पहिल्यांदाच चढला. "अहो, थर धरतो, काढला की वाहून जातो, लावला की पुन्हा घुसळण! म्हणजे चुंबक कायम लावून ठेवायचाच नाही. चाळीस मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. कारखान्याची नळी तुंबलीच नसती. आठ तास काय, आठ दिवस चाललं असतं." त्यांनी दोन्ही हात वहीवर टेकले. "हे माझ्या प्रबंधात यायला हवं होतं. तिसरं प्रकरण. तुम्ही त्या दिवशी नुसतं 'नाही बसलं, ताई' म्हणाला असतात ना, तर पुढच्या आठवड्यात मला हे सापडलं असतं."

काकांनी आतापर्यंत स्वतःला एका चुकीच्या आकड्याचा दोषी धरलं होतं. नऊ वर्षं त्यांच्या मनात छप्पन्न सहा हाच आकडा होता. त्याच्या मागे आणखी काही दडलेलं असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"आता नाही करता येणार?" त्यांनी विचारलं.

"करता येईल की. लोकांनी केलंय." ताई पुन्हा टेकल्या. आवाज खाली आला होता. "चालू-बंद चुंबकांवर बरंच काम झालंय नंतर. एक लेख माझ्यासमोर आला होता, पाचसहा वर्षांपूर्वी. मी दोन ओळी वाचल्या आणि मिटून ठेवला. म्हटलं, शाई म्हणजे आपली फजिती, कशाला बघा."

मार्गिकेतून कोणीतरी हाक मारली, "मॅडम, तीन नंबर!" ताईंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"हा कागद," काका म्हणाले, "याची नोंद झालीय. क्रमांक आहे वर. त्यांना उत्तर द्यावं लागेल."

"देतील. 'प्रकरण बंद आहे' असं देतील."

"हो. पण ते लिहून द्यावं लागेल."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. समितीपुढे पाहिलं होतं तसं नाही. जरा कंटाळून, जरा मायेने, वयाने मोठ्या पण हट्टी माणसाकडे पाहावं तसं. त्यांनी कागदाची घडी केली आणि खणात ठेवली.

"वही ठेवू का मी?"

"ती संस्थेची आहे. ताब्याच्या यादीत—"

"काका."

"ठेवा," काका म्हणाले.

ते उठले. नमस्कार करावा की नुसती मान हलवावी, हे त्यांना ठरवता आलं नाही. ताई म्हणाल्या, "तुम्हाला माफ केलं असं मला आत्ता म्हणता येणार नाही हं."

"मी मागितली नाही."

"तेच बरं केलंत."

बाहेर मार्गिकेत गार होतं. दाराशी पहारेकरी जागेवर नव्हता आणि ओळखपत्र त्याच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात होतं, त्यामुळे काकांना थांबावं लागलं. तिथून काचेची खोली सरळ दिसत होती. ताई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा बाजूला सारला, एक कोरा कागद घेतला आणि पट्टी शोधली. एक आडवी रेघ आखली, एक उभी. टेबलावरचा फोन वाजू लागला. त्यांनी न बघता रिसीव्हर उचलून बाजूला ठेवून दिला आणि आडव्या रेघेखाली मिनिटं लिहायला घेतली. पाच, दहा, पंधरा.